उनियेच्या वाटेवर अडकलेलं सुकाणू

“बेअरिंगमध्ये काहीही दोष नाही, हेर फोग्ट.”

हेर फोग्ट, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत फोग्ट, फोनच्या स्पीकरवर होते. ते म्हणाले, “मग दोष माझ्या हातांत असेल. आणि माझ्या बायकोच्याही. आम्ही दोघं एकदमच म्हातारे झालो, ह्या उन्हाळ्यात.”

माझे बॉस हेर ब्रुन्नर टेबलाच्या पलीकडे बसले होते. त्यांनी डोळ्यांनीच मला सांगितलं, रिपोर्ट वाच. मी वाचला. आतला व्यास बरोबर, बाहेरचा व्यास बरोबर, गोलाई बरोबर, तडा नाही, झीज नाही. आमच्या मेसराउममध्ये, म्हणजे जिथे मापं घेतात त्या खोलीत, ती बेअरिंग्ज जुलैत दोनदा मोजली होती. दोन्ही वेळा सगळं टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल तेवढ्या फरकाच्या आत.

“छान,” हेर फोग्ट म्हणाले. “मग आता तुम्ही इकडे या आणि माझ्याबरोबर बोटीवर चला. बंदरात ते सुकाणू एका बोटाने फिरतं. समुद्रात फिरत नाही. तुमची मेसराउम समुद्रात नाही, ही माझी चूक नाही.”

मी जर्मनीत, एर्लांगेन आणि हेर्त्सोगेनआउराखच्या मधल्या एका गावात नोकरीला आहे. कंपनी छोटी, एका कुटुंबाची. आजूबाजूला स्टीलची बेअरिंग्ज बनवणारे मोठे लोक. आम्ही प्लास्टिकची बनवतो. जिथे पाणी आहे, गंज चढतो, तेल घालता येत नाही, तिथे प्लास्टिकचं बेअरिंग चालतं. माझं काम कस्टमरशी बोलण्याचं. तक्रार आली, जर्मनमध्ये तिला रेक्लामात्सिऑन म्हणतात, की ती माझ्या टेबलावर.

ही तक्रार शिडाच्या बोटीच्या सुकाणूची होती. बोटीच्या मागे, पाण्याखाली, एक उभं पातं असतं. त्या पात्यातून एक जाड दांडा निघतो आणि तळातून वर डेकपर्यंत येतो. वर तुम्ही चाक फिरवलं की दांडा फिरतो, पातं फिरतं, बोट वळते. दांडा दोन ठिकाणी बेअरिंगमध्ये धरलेला असतो. एक खाली, कायम पाण्यात. दुसरं वर, डेकच्या खाली. दांडा आणि बेअरिंग यांच्यात थोडी जागा सोडतात. मनगट आणि बांगडी यांच्यात असते तशी, फक्त फारच थोडी. तिला क्लिअरन्स म्हणतात. ती जागा गेली की बांगडी अडकते.

फोग्ट यांची बोट त्या वसंतात नवी बांधून आली होती. उत्तर जर्मनीतल्या एका यार्डने बांधलेली, बेअरिंग्ज आमची. जूनमध्ये चाक जड वाटायला लागलं. जुलैत बोट पाण्याबाहेर काढून बेअरिंग्ज आमच्याकडे पाठवली. आम्ही मोजली, ठीक आहेत म्हणून परत पाठवली. बसवल्यावर काही आठवडे सगळं सुरळीत. सप्टेंबरात पुन्हा तेच. यार्ड म्हणत होतं बेअरिंग खराब, आम्ही म्हणत होतो दांडा वाकडा असेल. मधे फोग्ट.

फोन ठेवल्यावर हेर ब्रुन्नर म्हणाले, “फ्राउ गुरव, तुम्ही जा.”

“मी? मला बोटीतलं काहीच कळत नाही.”

“बेअरिंगमधलं कळतं ना? बोटीचं ते बघतील. आणि एक नवा सेट बरोबर घ्या. बसवून दाखवा, दांडा वाकडा आहे हे सिद्ध करा, परत या.”

त्यांचा निकाल आधीच लागला होता. मला फक्त पुरावा आणायचा होता.

घरी सासूबाई आलेल्या होत्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्यांना सांगितलं, “आई, मी चार दिवस क्रोएशियाला जातेय. ऑफिसचं काम. शिडाच्या बोटीने एका बेटावर जायचंय.”

“अगं, बोटीवर कसलं ऑफिस?” त्या म्हणाल्या. “पोहता येतं का तुला?”

“येतं. इस्लामपूरला आमच्या मळ्यातल्या विहिरीत शिकलेय, पाठीला डबा बांधून.”

“विहिरीला काठ असतो, मनीषा.”

माझी आठ वर्षांची मुलगी रेवा शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. ती म्हणाली, “मामा, निम आइने श्विमवेस्टे मिट.” म्हणजे आई, लाइफ जॅकेट घेऊन जा. मी हसले, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

फोग्ट राहायचे फ्युर्तला. त्यांच्याच गाडीतून मी गेले. ज्याच्या तक्रारीला आपण दोनदा ‘नाही’ म्हटलंय, त्याच्याच गाडीत मागच्या सीटवर बसून अख्खा दिवस काढायचा. हेर फोग्ट निवृत्त शिक्षक होते, भौतिकशास्त्राचे. उंच, वाळलेले, एक वाक्य पूर्ण झाल्याशिवाय दुसरं सुरू न करणारे. त्यांची बायको फुलांचं दुकान चालवायची, ते विकून त्यांनी ही बोट घेतली होती. हे तिनेच सांगितलं, ऑस्ट्रियातल्या एका बोगद्यात. “पुढच्या आठवड्यात नातवंडं येणार आहेत बोटीवर,” ती म्हणाली. “दोघं. धाकटी पाच वर्षांची. म्हणून गेर्ड एवढा चिडलाय. तसा तो चिडका नाहीये.”

गेर्ड, म्हणजे हेर फोग्ट, गाडी चालवत होते.

स्लोव्हेनिया संपून क्रोएशिया सुरू होतो तिथे तेव्हा पासपोर्ट बघायचे. त्या दोघांचे बघून लगेच परत दिले. माझा निळा पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड घेऊन तो माणूस आत गेला. मी बॅगेतल्या नव्या बेअरिंग्जचा विचार करत बसले. काय म्हणून दाखवणार होते मी ती? पण त्याने कार्ड परत दिलं आणि हात हलवला. बॅगेकडे त्याने बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुला शहराजवळच्या बंदरात मी बोटीवर चढले. पहिली गोष्ट फ्राउ फोग्ट म्हणाली, “बोटीवर सगळे ‘डू’ म्हणतात. मी उलरिके, हा गेर्ड.” जर्मनमध्ये डू म्हणजे आपलं ‘तू’. वडिलांच्या वयाच्या माणसाला, तोही कस्टमर, अरे-तुरे करायचं. मी दिवसभर शक्यतो क्रियापद टाळून बोलले.

गेर्डने मला चाकापाशी नेलं. “फिरव.”

मी एका बोटाने फिरवलं. लोण्यासारखं फिरलं.

“बघितलंस?” तो म्हणाला. “असंच. यार्डचा माणूस आला तेव्हाही असंच. तो हसला आणि गेला.”

ठरलं असं की उनिये नावाच्या बेटावर जायचं. छोटं बेट, एकच गाव, गाड्या नाहीत. वाटेत मी चाक बघायचं, दांड्याचं माप घ्यायचं. बेटावर पोचलं की वरचं बेअरिंग उघडायचं. हवामानाचा अंदाज साधा होता. हलका वारा, संध्याकाळी जरा वाढेल.

पहिला तास मी खूश होते. निळं पाणी, पांढरं शीड, इंजिन बंद. माझ्या पगारात हे धरलंय ह्यावर विश्वास बसत नव्हता. मग उलरिके म्हणाली, “आता सुरू झालं.” मी चाक हातात घेतलं. खरंच जड होतं. फिरायचं, पण झटक्याने. जोर लावा, काही होत नाही. अजून जोर लावा, एकदम टुणकन फिरतं आणि जास्तच फिरतं.

बोटीच्या मागच्या बाजूला डेकखाली एक मोठा खण होता. त्यात शिरलं की दांड्याचं वरचं टोक आणि वरचं बेअरिंग दिसायचं. मी टॉर्च घेऊन आत उतरले आणि आडवी झाले. एक हात दांड्यावर ठेवला. उलरिके वर चाक फिरवायची आणि माझ्या हाताखाली दांडा आधी थरथरायचा, मग कण्हायचा, मग सुटायचा. सरळ दांड्यासारखाच दिसत होता. मी पट्टी लावून बघितलं. सरळच होता. हेर ब्रुन्नरना जो पुरावा हवा होता तो काही मिळत नव्हता.

त्या बंद खणात डिझेलचा वास होता आणि बोट हलत होती. बाहेर यावं म्हणून मी वळले, तेवढ्यात सगळी बोट एका अंगावर कलली. मी खणाच्या भिंतीवर आपटले. वरून गेर्डचा आवाज आला, “बोरा!”

बोरा म्हणजे तिथला ईशान्येचा वारा. डोंगरावरून खाली कोसळतो. आभाळ स्वच्छ असतं, ऊन असतं, आणि वारा येतो. तो संध्याकाळी यायचा होता. दुपारीच आला.

मी रांगत बाहेर आले. मघाचं निळं पाणी आता पांढरं झालं होतं. समोर उनिये बेट होतं, डाव्या हाताला त्याचं वायव्येचं टोक, खडकांचं. आम्हाला ते टोक डावीकडे ठेवून पलीकडे जायचं होतं, कारण गाव आणि आडोसा त्या बाजूला. वारा डावीकडून येत होता. शिडाची बोट अशा वाऱ्यात, झोत आला की आपोआप वाऱ्याकडे वळायला बघते. म्हणजे डावीकडे. म्हणजे खडकांकडे. सुकाणूने तिला उजवीकडे धरून ठेवायचं असतं.

उलरिके चाकाला अक्षरशः लोंबकळली होती. “गेर्ड, फिरत नाहीये.”

“जोर लाव.”

“अरे, लावतेय! फिरत नाहीये!”

गेर्ड धावला. दोघांनी मिळून चाक ओढलं. ते हललं नाही. पुढचा झोत आला, बोट आणखी कलली आणि तिचं नाक सावकाश डावीकडे जायला लागलं. खडकांवर लाटा फुटत होत्या ती पांढरी रेघ मला स्पष्ट दिसत होती. मला आठवतंय, त्या क्षणी मला रेवाची आठवण वगैरे आली नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं. सगळी मापं टॉलरन्समध्ये आहेत. खाली सही माझी.

“मनीषा! लाल दोर! तुझ्या पायाशी! सोड!”

पायाशी चार दोर होते. लाल एकच होता. तो एका खाचेत अडकवलेला होता, मी उपसून काढला. तो हातातून असा सरकला की तळवा भाजला. मोठं शीड सुटलं आणि भयंकर आवाज करत फडफडायला लागलं. मला वाटलं मी काहीतरी मोडलं. पण बोट सरळ झाली. आणि मागून उलरिके ओरडली, “फिरलं!”

मला ते अजून ऐकू येतं. भीतीमुळे नाही, कामाचं होतं म्हणून. शिडाचा जोर गेला आणि चाक फिरलं. म्हणजे दांडा ताणाखाली जरासा वाकतो, प्रत्येकच दांडा वाकतो, त्यासाठीच तर क्लिअरन्स ठेवतात. ताण गेला की सरळ होतो, फिरतो. दांड्यात दोष नव्हता. जागाच उरली नव्हती. बांगडी लहान झाली होती.

पण आधी बेटावर पोचायचं होतं. गेर्डने इंजिन सुरू केलं, शिडं गुंडाळली. मग डेकवरचं एक झाकण उघडून त्यात लोखंडी दांडा बसवला. चाक निकामी झालं तर सुकाणूच्या दांड्याला थेट धरून वळवायला तो असतो. “तू आणि मी,” गेर्ड मला म्हणाला. “उलरिके इंजिन बघेल. मी ‘आता’ म्हटलं की ढकल.” त्याने ‘आता’ म्हटलं की आम्ही दोघं मिळून ढकलायचो. कधी ते फिरायचं, कधी नाही. खडकांचं टोक डाव्या हाताला आलं, जवळ आलं, मग हळूहळू मागे गेलं. टोकाच्या पलीकडे लाटा एकदम कमी झाल्या, वारा मात्र तसाच. उनिये गावच्या धक्क्यावर एका माणसाने आमचा दोर पकडला. मी जमिनीवर उतरले आणि तिथेच खाली बसले.

उलरिकेने चहा केला. कपात पडण्यापेक्षा जास्त चहा बशीत पडला. “पुढच्या आठवड्यात,” ती म्हणाली आणि सांडलेला चहा पुसायला लागली. आम्हा तिघांनाही वाक्याचं उरलेलं अर्धं माहीत होतं.

“गेर्ड,” मी विचारलं, “जुलैत बेअरिंग्ज आमच्याकडून परत आल्यावर काही आठवडे चांगली का चालली?”

“तुम्ही साफ केली म्हणून.”

“आम्ही साफ केली नाहीत. फक्त मोजली.”

तो माझ्याकडे बघत राहिला. शिक्षक विद्यार्थ्याकडे बघतो तसा, पुढचं वाक्य तूच म्हण.

“ती आमच्याकडे किती दिवस पडून होती,” मी म्हणाले, “कोरड्या खोलीत, ऊन येणाऱ्या शेल्फवर.”

“वाळली,” गेर्ड म्हणाला.

वाळली. पाण्यात फुगली होती, पार्सलमध्ये आणि शेल्फवर वाळून परत मूळ मापाला आली. आम्ही मोजली तेव्हा ती खरंच बरोबर होती. बसवली, काही आठवड्यांत पुन्हा पाणी प्यायली.

पण इथेच अडचण होती. आमचं बेअरिंग ज्या प्लास्टिकचं असतं ते, असेटाल, पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणून तर ते वापरतात. पाणी पितं ते नायलॉन. दोन्ही पांढरी, दोन्ही गुळगुळीत, हातात घेऊन फरक कळत नाही. म्हणजे एक तर माझं डोकं चुकत होतं, नाहीतर बोटीत बसवलेलं बेअरिंग असेटालचं नव्हतंच.

मी खणात परत उतरले आणि वरच्या बेअरिंगच्या कडेचा एक पातळ काप सुरीने काढला. मग उलरिकेकडे मीठ मागितलं.

“किती?”

“आहे तेवढं.”

एका ग्लासात पाणी घेतलं आणि मीठ विरघळेना इतकं घातलं. असं पाणी जड होतं. नायलॉन त्याच्यावर तरंगतं, असेटाल त्यातही बुडतं. भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, म्हणजे तुकडा नुसता पृष्ठभागावर चिकटून फसवणार नाही. गेर्ड बघत होता. “आधी बुडणारी वस्तू दाखव,” तो म्हणाला. “नाहीतर तुझा प्रयोग अर्धा.” त्याने सामानातून एक जुनी मोडकी पुली आणली. तिच्या आत बारीक पांढरे गोळे होते, असेटालचे. एक गोळा टाकला, थेट तळाला गेला.

मग मी काप टाकला. चमच्याने खाली दाबला. सोडला. वर आला. पुन्हा दाबला. पुन्हा वर आला.

मला आनंद व्हायला हवा होता. उत्तर सापडलं होतं. पण माझं लक्ष माझ्या बॅगेकडे गेलं. त्यात आमच्या स्टोअरमधून घेतलेला नवा सेट होता. मी त्याचाही एक काप काढला आणि ग्लासात टाकला.

तो तरंगला.

म्हणजे हे एका बोटीचं प्रकरण नव्हतं. आमच्या स्टोअरमध्येच चुकीचा माल होता, आणि त्यातून यार्डला त्या वर्षी जितकी बेअरिंग्ज गेली तितक्या बोटी कुठे ना कुठे पाण्यात होत्या. प्रत्येकीवर कुणाची तरी उलरिके चाकाशी असणार. तो शुक्रवार होता.

गावात रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला मिळायची. वाऱ्यात एका हाताने कान झाकून मी हेर ब्रुन्नरना फोन लावला. ते फायराबेंटच्या, म्हणजे काम संपवून घरी जायच्या तयारीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे अडवलं नाही. मग म्हणाले, “फ्राउ गुरव, मी रुकरूफ करायचा म्हणताय. मिठाच्या पाण्याच्या एका ग्लासवरून.”

रुकरूफ म्हणजे विकलेला माल जाहीरपणे परत बोलावणं. आमच्या एवढ्या कंपनीला तो झेपेलच असं नाही, हे मलाही माहीत होतं.

“हो,” मी म्हणाले.

“तुकडे घेऊन या. लॅबला देऊ. सोमवारी बोलू.”

“मधे शनिवार-रविवार आहे, हेर ब्रुन्नर. लोक बोटी शनिवार-रविवारीच काढतात.”

“तुम्ही दमलेल्या आहात. घाबरलेल्या आहात. अशा वेळी माणूस...”

“मी घाबरलेली आहे,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. बॉसशी मी तशी कधी बोलले नव्हते. “कारण मी त्या बोटीवर होते. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्टोअरमध्ये जा. गेल्या वर्षीच्या मालातलं एक घ्या, ह्या वर्षीचं एक घ्या. किचनमध्ये मीठ आहे. दहा मिनिटांचं काम आहे.”

फोन बंद झाला. त्यांनी ठेवला की रेंज गेली, कळलं नाही.

मी धक्क्यावर उभी राहिले. वारा इतका होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. मनात एकच चाललं होतं. मी चुकले असेन तर? मीठ कमी पडलं असेल, कापात हवा असेल, तर? एका ग्लासपायी मी कंपनीचं नाव घालवायला निघाले होते. आणि चुकले नसेन तर त्याहून वाईट. उलरिके माझं जॅकेट घेऊन आली आणि शेजारी थांबली. बराच वेळ गेला. दहा मिनिटांपेक्षा पुष्कळ जास्त.

फोन वाजला.

“जुनं बुडालं,” हेर ब्रुन्नर म्हणाले. “नवं तरंगतंय. मी तीनदा केलं. वेगवेगळ्या खोक्यांतली घेऊन.”

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“यार्डला मी फोन करतो,” ते म्हणाले. “तुम्ही करू नका. कंपनी माझी आहे.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, “तुम्हाला लागलं वगैरे नाही ना कुठे?”

“तळहात भाजलाय.”

“तर मग... मलम लावा,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात प्रेमळ वाक्य.

यार्डने त्याच संध्याकाळी सगळ्या मालकांना फोन केले. बहुतेक बोटी बंदरात होत्या. एक कुटुंब बाल्टिकमध्ये निघालं होतं, ते इंजिनवर परतलं. कुणालाही काही झालं नाही. पण ते मला सोमवारी कळलं.

बोरा ओसरल्यावर आम्ही शीड न लावता शेजारच्या मोठ्या बेटावर, लोशिन्यला गेलो. तिथे क्रेनने बोट वर काढली आणि खालचं बेअरिंग ओलं असतानाच मी मोजलं. टॉलरन्सच्या कितीतरी बाहेर. क्लिअरन्स शून्य. तेच बेअरिंग ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून मी कंपनीत आणलं आणि मग मेसराउममध्ये उघडं ठेवलं. रोज मोजलं. ते रोज थोडं थोडं ‘चांगलं’ होत गेलं. शेवटी पूर्णपणे निर्दोष झालं.

चूक कुठे झाली? ज्यातून आम्ही बेअरिंग कापतो ते रॉड सप्लायरकडे रॅकवर शेजारी शेजारी ठेवलेले होते, दोन्ही पांढरे, एक असेटालचा, एक नायलॉनचा, आणि आमच्याकडे चुकीचा आला. बस. एवढंच. कुणी फसवलं नव्हतं, कुणी पैसे खाल्ले नव्हते. भांडण मात्र वर्षभर चाललं. कंपनी तगली, पण त्या वर्षी बोनस कुणालाच मिळाला नाही आणि किचनमध्ये काही लोक माझ्याशी जरा कमीच बोलायचे. मी ते समजू शकत होते.

गेर्ड-उलरिकेंच्या बोटीत नवी बेअरिंग्ज बसली ती नातवंडांची सुट्टी संपल्यावर. त्यांनी ती सुट्टी बंदरात बांधलेल्या बोटीतच काढली. धाकटीला म्हणे तेच जास्त आवडलं.

आता आमच्याकडे येणारा प्रत्येक रॉड आधी पाण्यात आणि हवेत तोलून बघतात, मग आत घेतात. त्याला यंत्र आहे, मीठ लागत नाही. आणि मेसराउममध्ये पाण्यातली वस्तू पाण्यातच ठेवून आणायची असा नियम झाला.

माझ्यापुरता धडा त्याहून साधा आहे. वस्तू जिथे त्रास देते तिथे जाऊन तिला बघावं लागतं. पार्सलने मागवली की ती शहाण्यासारखी वागते. त्यामुळे रेक्लामात्सिऑन आली की मी आधी विचारते, हे कुठे असताना अडतं? आणि बॅग भरते. हेर ब्रुन्नर प्रवासखर्च बघून कुरकुरतात. पण मंजूर करतात.